पात्र नाही

"हा संगणक पात्र नाही."
इतकंच. निळ्या पडद्यावर, सभ्य भाषेत,
आणि खाली एकच बटण : बंद करा.
झाऊर माझ्याकडे बघतो, मी खिडकीबाहेर.
खाली क्विरिला, मँगनीज धुऊन धुऊन काळी पडलेली.
तिला निदान पात्र तरी आहे.

मी चिआतुराचा. एकोणीस वर्षं
रोपवेच्या पाळण्यांना ग्रीस लावलं.
ज्या कारखान्याने ते पाळणे घडवले
तो कारखाना गेला, मागोमाग तो देशही गेला,
सुटे भाग मागवायला पत्ता उरला नाही,
तरी सकाळची पाळी वर जायचीच,
डब्यासकट, खोकल्यासकट.
एका पाळण्याचा बोल्ट दुसऱ्याला,
दुसऱ्याचं दार तिसऱ्याला.
यापुढे कंपनीचा आधार नाही,
हे मला कुणी नव्याने सांगू नये.

तर बसलो.
एका आडबाजूच्या नोंदीत शून्याचा एक केला,
म्हणजे दारावरच्या तपासनीसाला म्हटलं,
तू जरा चहा पिऊन ये.
तो गेला. टक्के चढू लागले.
बासष्टवर घोडं पेंड खायला लागलं.
झाऊर म्हणाला, थोपट त्याला.
थोपटलं.
खरं सांगतो, त्रेसष्ट झाले.

मग काळा पडदा.
मग कंपनीचं चिन्ह. मग काळा पडदा. मग चिन्ह.
येरे माझ्या मागल्या,
रात्रीचा दीड वाजेस्तोवर.
नातेला दाराशी येऊन म्हणाली,
याला घरी पाठवा, नाहीतर याचीही गादी घालते.
शेवटी काय केलं?
डावीकडचा पेनड्राइव्ह उजवीकडे खोचला.
बस्स.
का, ते विचारू नका.
बारा वर्षांच्या यंत्राला आवडीनिवडी असतात.

वाय-फाय मात्र दिसेना.
ड्रायव्हर इंटरनेटवर,
इंटरनेट ड्रायव्हरपलीकडे,
दोर विहिरीत आणि पोहराही विहिरीत.
झाऊरचा फोन वायरीने जोडला,
त्याच्या महिन्याचा अर्धा डेटा खर्ची घातला,
तेव्हा कुठे कोपऱ्यात तीन वाकडे कंस उगवले.
झाऊरने त्यांना बोट लावून पाहिलं,
ओल्या रंगाला लावतात तसं.

दोन खोडी राहिल्या त्या राहिल्याच.
उजेड कमी होत नाही :
पूर्ण, नाहीतर काहीच नाही.
आणि एकदा झाकण मिटलं की तो जागा होत नाही,
बटण दाबून धरा, दहा आकडे मोजा, पहिल्यापासून सुरू.
मी हात टेकले. म्हटलं, पैसे निम्मे दे.

झाऊर हसला तेव्हा त्याचा वरचा दात
नाहीये हे मला पहिल्यांदा कळलं.
खाणीच्या पंपघरात तो रात्रीचा रखवालदार.
"झोपेत गडबड आहे? अरे,
मला झोपणारा सोबती करायचाय काय?
आणि वीज गेली की पाण्याची पातळी
याच्याच उजेडात वाचीन."
पूर्ण पैसे दिले. वर पिशवीभर अक्रोड.
मी अक्रोड ठेवून घेतले, खोटं कशाला बोलू,
पैसेही.

तीन आठवडे बरे गेले असावेत.
मग एका पहाटे, पाळी सुटल्या सुटल्या,
तो जिन्याखाली उभा, लॅपटॉप कोटाच्या आत,
आजारी कोंबडी आणावी तसा.
"मी काहीच केलं नाही," म्हणाला.
सगळे असंच म्हणतात.
हा मात्र खरं बोलत होता :
रात्रीतून, कुणाला न विचारता,
एक अपडेट उतरून गेलं होतं,
आणि पडद्यावर पुन्हा तेच सभ्य वाक्य,
तेच एकुलतं एक बटण.

नातेलाने काही न बोलता दोन कप मांडले.
मी स्टूल पुढे ओढलं, पेनड्राइव्ह शोधला,
आणि हातात धरून तसाच बसलो.
डावीकडे की उजवीकडे?
झाऊर म्हणाला, उजवीकडे.
मला वाटतं, डावीकडे.
लिहून ठेवायला हवं होतं कुठेतरी.